खिशाचा गाऊन

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी धामापूरच्या तळ्याकाठी पायरीवर बसून बटाटवडा खात होते. नवरात्रातला शुक्रवार होता, भगवतीची ओटी भरायला निघालेल्या शेजारणींबरोबर रिक्षा करून आले होते, आणि माझा उपास होता. उपासाच्या दिवशी देवीच्या दारात वडा खाल्ला ही गोष्ट घरी गेल्यावर फक्त शालनला सांगायची, बाकी कुणाला नाही, असं ठरवत होते. ती खिशातून रुमाल काढून डोळे पुसेपर्यंत हसली असती. तेवढ्यात पुतण्याचा, नितीनचा फोन. "काकी, आई गेली." मी विचारलं, "खंय गेली?" त्याने तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा मला कळलं… सकाळी निघताना मी तिला म्हटलं होतं, तुला बरं नाही तर मी राहते घरी. तर म्हणाली होती, "जा गो वयनी. मी खंय पळान जातंय?"

शालन माझी धाकटी जाऊ. चव्वेचाळीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली, त्यातली पहिली वीस एका चुलीवर. तिला जाऊन आज पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, तुम्ही दोघी अगदी बहिणींसारख्या. ते खरं नाही. सख्ख्या बहिणीशी मी इतकी वर्षं नेटाने भांडू शकले नसते. आणि आमच्या भांडणाला विषय एकच होता, गाऊन.

हा शब्द आमच्या घरात शालनच्या आधी आला, तोही टपालाने. लग्नाआधी मुलीकडून सामानाची यादी आली होती, त्यात साड्यांच्या खाली 'दोन गाऊन' असं लिहिलेलं. आमच्या ओसरीवर मामंजींच्या वकील चुलतभावाचा फोटो होता, अंगात काळा गाऊन, चेहरा कडक. गाऊन म्हणजे तो, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. मामंजी त्याच संध्याकाळी दुकानावर जाऊन सांगून आले की धाकटी सून नुसती पदवीधर नाही, दोनदा पदवीधर आहे. मी बारा दिवस धसका घेतला. मी सातवी पास, आणि धाकटी येऊन मला इंग्रजीतून काय काय बोलणार… प्रत्यक्षात शालन मॅट्रिक, वर शिवणक्लास. परळच्या एका खोलीत नऊ माणसांत वाढलेली मुलगी. दिरांची गिरणीतली नोकरी तिकडेच होती, पण संसाराला तिथे जागा नव्हती, म्हणून लग्न करून तिला इकडे खाडीकाठी आणून ठेवली. ते चतुर्थीला आणि शिमग्याला येत. मुंबईच्या मुलीला गावाला धाडल्यावर तिला कसं वाटत असेल, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं.

लग्नाच्या चौथ्या दिवशी पहाटे मी मागीलदारी गेले, तर ही बावीवर पाणी काढत उभी. अंगात गुलाबी गाऊन, गळ्याला झालर, पायघोळ. शेजारच्या दोन बायका कळशा घेऊन नुसत्या बघत राहिलेल्या. त्या बघताहेत म्हणून माझा आवाज चढला. काय गो ह्यां, आमच्या घरात असलं चालत नाही, असं पुष्कळ बोलले आणि शेवटी, कुणी मागितलेली नसताना, प्रतिज्ञा केली. "मी मेलंय तरी असलां कायव घालूचंय नाय." मग ताठ मानेने सासूबाईंकडे तक्रार घेऊन गेले. त्यांना आम्ही आये म्हणायचो. आये चुलीपुढे बसून मशेरी लावत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, थुंकून आल्या आणि एवढंच विचारलं, "तिका थंडी वाजत नाय मां?"

थोरली म्हणून माझा मान राहायला हवा होता. मी दोरीवरचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल काढला, शालनच्या दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतला आणि हुकूम काढला की मागच्या पडवीत काय घालायचं ते घाल, पण पुढच्या खळ्यात, अंगणात यायचं तर हा टॉवेल हवा. तिने तो भिरकावला नाही. उलट तो टॉवेल अशा काही डौलाने घ्यायला लागली की दोन वर्षांत वाडीत ज्या बाईकडे गाऊन आला तिच्या खांद्यावर टॉवेल आलाच. आज आमच्या किनाऱ्याला बायका गाऊनवर टॉवेल टाकून मासळी घ्यायला जातात, रिक्षा थांबवतात, ग्रामसेवकाशी तावातावाने बोलतात, ती सगळी माझी कर्तबगारी. बाहेरगावची माणसं हसतात म्हणे. हसू देत. शालन तर मला पाहुण्यांसमोर 'ह्या टॉवेलवाल्या' म्हणून ओळख करून द्यायची.

तिसऱ्या वर्षी तिने माहेरहून शिलाई मशीन आणलं आणि पडवीत बसून गाऊन शिवायला लागली. सुती कापड, ढगळ बेतणं, आणि उजव्या बाजूला खिसा. त्या खिशावरून ती कधी हटली नाही. कापड कमी पडलं तर बाही आखूड करीन म्हणायची, खिसा राहणारच. तोवर आमच्याकडे बायकांच्या कपड्यांत खिसा नावाची वस्तूच नव्हती. किल्ली कमरेला, चिल्लर कनवटीला आणि बाकी सगळं नवऱ्याकडे. सुरुवातीला वाडीत 'गाऊनवाली' म्हणजे मुंबईचा तोरा असलेली बाई, असा अर्थ होता, तो मीच पसरवला होता. मग शालनने बाळंतिणींसाठी पुढे बटणांचे गाऊन शिवले, तेव्हा गाऊन म्हणजे माहेरून बाळंतपणाला मिळायची वस्तू झाली. त्यानंतर काही वर्षं भरदुपारी कुणी गाऊनमध्ये दिसली की लोक विचारत, बरं नाही काय? आणि मग कधी, ते सांगता येणार नाही, पण कुणी काही विचारायचंच थांबलं. साडी लग्नाला, गाऊन घराला. शब्द तोच, त्याच्याकडे बघणारी तोंडं बदलत गेली.

बदललं नाही ते माझं एकटीचं तोंड. दर चतुर्थीला, गणपती यायच्या आदल्या दिवशी, शालन माझ्यासाठी एक गाऊन शिवून घडी करून माझ्या खाटेवर ठेवायची. मी दर वर्षी म्हणायचे, कशाला कापड फुकट घालवतेस, आणि तो पेटीत टाकायचे. एकदा घालून दाखव, एवढंच तिचं मागणं होतं. मला त्यात बघायची तिला हौस होती, आणि बावीवर दिलेला शब्द मला मोडायचा नव्हता. ज्या दोन शेजारणींसमोर दिला होता त्या कधीच वर गेल्या, तरी मी आपली त्यांना भिऊन. मध्ये कुडाळला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तिथे हिरवा गाऊन अंगावर चढवावाच लागला. शालन डब्याची पिशवी घेऊन दारातच उभी राहिली. "घातलंस मां?" मी म्हटलं, "तो दाक्तराचो. माझो नाय."

आता जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही. आयेंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सेवा आम्ही दोघी करायचो, पण हुकूम माझा. आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई, तिला नऊवारीच नेसवायचं, असा माझा हट्ट. रोज सकाळी आम्ही दोघी त्यांना उचलायचो, कुशीवर वळवायचो, कासोटा घालायचो, कमरेला गाठ मारायचो. घरची म्हातारी भेटायला येणाऱ्यांना नीटनेटकी दिसली पाहिजे… शालनने पहिल्याच दिवशी गाऊनचं सुचवलं होतं, मी तिला बोलू दिलं नाही. नवव्या दिवशी अंग पुसताना तिने माझा हात धरला आणि माझं बोट आयेंच्या कमरेवर, जिथे गाठ यायची तिथे नेऊन ठेवलं. कातडी गेली होती. आये तोंडातून आवाज काढू शकत नव्हत्या, म्हणून मला नऊ दिवस कळलं नव्हतं. शालन म्हणाली, "वयनी, आयेक आता लाज नको. वारो होयो."

त्याच दुपारी तिने आयेंचंच एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडलं आणि त्याचा गाऊन शिवला. पाठ उघडी, बांधायला नाड्या, म्हणजे उचलायला नको. आणि हो, खिसा. डाव्या बाजूला, कारण आयेंचा डावा हात चालत होता. त्या खिशात आयेंनी मशेरीची डबी ठेवली. दिवसातून दहा वेळा हात घालून ती आहे की नाही ते बघायच्या. पुढे त्या अकरा महिने जगल्या. जखम भरली. एकदा मी उशी सारखी करत होते तर त्यांनी चालत्या हाताने खिसा उलटा करून मला दाखवला, आणि हसल्या, अर्ध्या तोंडाने. मी तिथून उठून मागीलदारी गेले. शालनला माझं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. तिनेही कधी ते काढलं नाही, बाकी माझी एकही चूक ती विसरायची नाही.

बाराव्याला माझी नात सई आली होती. ती पुण्याला इंग्रजीत एम.ए. करते. खिशाच्या गाऊनच्या गोष्टी निघाल्या तेव्हा तिने सांगितलं की इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, आणि त्याच्या मागे जाऊन बघितलं तर गाऊन म्हणजे लोकरी कातड्याचा झगा. मठातल्या म्हाताऱ्या आणि आजारी साधूंना थंडीत तेवढा घालायची मुभा असायची. नंतर तो मोठ्या लोकांनी घेतला, मग न्यायाधीशांनी, मास्तरांनी, नाचाला जाणाऱ्या मडमांनी. मी तिला दोनदा विचारलं, आधी कुणाचा म्हणालीस? म्हाताऱ्या आणि आजारी माणसांचा, आजी. शालनने कुठली डिक्शनरी बघितली होती? आणि आयेंनी तर पहिल्या दिवशी चुलीपुढे बसून थंडीचंच विचारलं होतं… घरात अडाणी होते ती मी एकटी.

मागच्या हिवाळ्यात शालनला बंदराकडे फिरायला नेलं होतं. तिथे लग्न ठरलेली एक मुलगी लांबलचक लाल कपड्यात फोटो काढून घेत होती, मागचा घोळ धरायला दोन माणसं. हासुद्धा गाऊनच, भाड्याने मिळतो, असं नितीनने सांगितलं. शालनने त्या मुलीला वरपासून खालपर्यंत नजरेने मापलं. "येवढ्या कापडात माझे पाच बसतले," ती म्हणाली. "आणि खिसो नायच."

त्यानंतर तिचं हृदय थकत गेलं. हात कापायला लागले, मशीन कापडाने झाकून ठेवलं. या चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी सवयीने खोलीत गेले तर खाट रिकामी. गाऊन नव्हता. मी तिथेच बसले. मग पेटी उघडली आणि सगळे गाऊन बाहेर काढले. सुरुवातीचे अरुंद, पुढे पुढे रुंद होत गेलेले, आणि मध्येच एक बारीक. तो यजमान गेल्यानंतरच्या चतुर्थीचा. त्या वर्षी माझं अन्नावरचं मन उडालं होतं, आणि मला वाटत होतं की कुणाच्या लक्षात आलेलं नाही. शालनने एकदाही माझ्या अंगाला टेप लावली नव्हती. नुसती बघायची. इतकी वर्षं माझ्याकडे इतकं नीट कुणी बघत होतं, आणि मी म्हणत होते कापड फुकट…

गेल्या वर्षीचा निळा गाऊन मी घातला. वर टॉवेल घेतला नाही. भरदिवसा, गणपतीच्या मखराला खिळे ठोकत असलेल्या मुलांसमोरून, पुढचं खळं ओलांडून तिच्या बिऱ्हाडात गेले. शहात्तराव्या वर्षी इतकी लाज वाटेल असं वाटलं नव्हतं. शालन पलंगावर टेकून बसली होती. तिने चष्मा लावला. मी म्हटलं, बघून घे, परत दिसणार नाही. ती हसेल, मला टोमणा मारेल, अशी माझी पुरती तयारी होती. ती म्हणाली, "डावो खांदो उतरलो गो तुझो. काढ तो."

आणि तो गाऊन तिने ठेवून घेतला. चार आठवडे रोज थोडा वेळ मांडीवर घेऊन डाव्या खांद्यावर काहीतरी करत बसायची. मी म्हणायचे, राहू दे. ती म्हणायची, तू आता घालतलंस, म्हणान नीट होयो. तिच्यानंतर नितीनच्या बायकोने तो आणून दिला. खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके, शेवटच्या टाक्याला सुई तशीच. ती मुलगी म्हणाली, काकी, द्या, पाच मिनिटांत मशीन मारून देते. मी नको म्हटलं.

दिवसाआड मी तो घालते. खांदा आता बरोबर बसतो. धुतला की कच्चा टाका कुठेतरी सुटतो, मग मी उन्हाला बसून, शालनने पाडलेली भोकं शोधून, त्यांतूनच सुई घालते. तिचा हात कापत होता, त्यामुळे एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. मला शिवण कधी आलं नाही, तिच्याकडून शिकूनही घेतलं नाही. आता हे लिहायच्या आधी बसले होते, त्यात दोन टाके चुकून नव्या जागी पडले. ते उसवून ठेवले आहेत. ऊन आहे तोवर परत घालते.