नत्थूजीसाठी राखलेला गोटा

गुणवंता एक्कावन्न साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला, पण त्याचा उजवा हात काही ख्रिस्ती व्हायला तयार नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, दोन गावांची एकमेकांवर दगडफेक. नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, अन् मधात नुसते दगड. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीच्या गोटमारीत सावरगावच्या नत्थूजीनं गुणवंताचे समोरचे दोन दात पाडले होते. तेव्हापासून एक काळा गोटा त्यानं कोनाड्यात खास नत्थूजीसाठी राखला होता. वा रे ख्रिस्ती!

पहिल्या वर्षी दिवसभर दगड फेकून तो रविवारी डोक्याला पट्टी बांधून उपासनेला हजर. म्हाताऱ्या पाळकांनी, पुंडलिकरावांनी, एवढंच विचारलं, "गेलता?"

"गेलतो जी."

"होईल हळूहळू," ते म्हणाले.

खोटं कधी बोलला नाही बिचारा, म्हणून तर जीव जडतो या माणसावर! दुसऱ्या वर्षी तो दुपारीच परतला. तिसऱ्या वर्षी नत्थूजी दिसलाच नाही, तेव्हा देवाचे आभार मानावे की चरफडावं, हेच त्याला कळेना. पुढं तो जखमींना पाणी पाजायला जाऊ लागला. गोटा मात्र कमरेला असायचाच.

छप्पन साली, नागपूर मुंबई राज्यात जाणार अन् आपण मध्य प्रदेशातच राहणार अशी गावभर चर्चा असताना, नत्थूजी भर नदीत घसरून पडला. गुणवंतापासून दहा हातांवर. गुणवंतानं गोटा काढून हात उगारला. नत्थूजीच्या कपाळातून रक्त वाहत होतं.

"मार ना बे! पाहून काय राहिला?" काठावरून लोक ओरडले.

हात कितीतरी वेळ वरच राहिला. मग गुणवंतानं गोटा परत कमरेला खोचला अन् नत्थूजीला पाठीवर घेतलं. आपल्याच काठावरून आलेला एक दगड गुणवंताच्या बरगडीत बसला.

घरी गुणवंताच्या बायकोनं, देवकाबाईनं, जखमेवर लावायला हळकुंड काढलं. कुटायला काही हाताशी लागेना, तर तिनं नवऱ्याच्या कमरेचा गोटा ओढला अन् ठेचायला बसली.

"लय चांगला गोटा हाय," नत्थूजी कण्हत म्हणाला. "कुठून आणला?"

गुणवंताची मान खाली गेली. "तुह्यासाठीच ठेवला होता. नऊ वर्षं."

नत्थूजीनं त्या गोट्याकडं एकदा पाहिलं. मग त्यानं डोळे मिटले अन् देवकाबाईसमोर कपाळ केलं.