भिंगवाल्या बाई

बागेत शिरल्यावर भिंगवाल्या बाई माणसांकडे आधी बघतच नसत. बागाईतदार हात जोडून उभा, गडी हातातलं काम टाकून उभे, कुत्रं भुंकून भुंकून थकलेलं, आणि बाई आपल्या सरळ पहिल्या वेलीपाशी. एक पान धरायचं, उलटं करायचं, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायचं. ते झालं की मग मान वळवून, "हं, बोला भाऊ." पहिल्या खेपेला माझं डोकंच फिरलं होतं. म्हटलं, घरधनी मी की ती वेल? पण एकदा त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगाल. पान नाही सांगत. तेही वरच्या बाजूनं थाप मारतं, म्हणून उलटून विचारायचं."

भिंग काळ्या दोऱ्यात ओवलेलं असायचं. आमची आई बाईंच्या पाठीमागे म्हणायची, "मंगळसूत्राच्या जागी काच! लग्नाचं वय निघून चाललंय, आन् ही बाई बुरशी बघत हिंडती." आईचा आवाज म्हणजे विहिरीवरच्या इंजिनासारखा, तो पाठीमागे राहतो होय! बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मावशी, नवरा बघायला भिंग लागत नाही. म्हणून तर घाई नाही." आई गप्प बसली. आमच्या आईला गप्प बसवणारं माणूस दिंडोरी तालुक्यात तोवर जन्मलेलं नव्हतं.

आमची पहिली गाठ म्हणजे भांडणच. नाशकात औषधांच्या दुकानात मी पान घेऊन उभा होतो आणि भुरीवरचं औषध मागत होतो. मागून आवाज आला, "भुरी नाही ही, केवडा आहे, रोगच वेगळा. पान उलटून बघितलंत का?" वळून बघतो तर सुती साडीतली, खांद्याला पिशवी अडकवलेली एक बाई. मी तेव्हा तापट होतो (बायको म्हणते, 'तेव्हा' कशाला?). म्हटलं, "बाई, तुम्ही आपलं शाळेत शिकवा." त्या म्हणाल्या, "शाळेत नाही, कॉलेजात शिकवते. पण सुट्टी लागली की मला काढून टाकतात, म्हणून आता तुम्हांला शिकवतेय." दुकानदार फिदीफिदी हसला. मी पान उलटलं. खाली पांढरी लव होती, अस्सल केवड्याची. आता बोला!

पुढं कळलं की बाई डॉक्टर आहेत. सुई टोचणाऱ्या नव्हेत, बुरशीवर मोठा प्रबंध लिहून झालेल्या. वडील जिल्हा कचेरीत कारकून, नाशकातल्या बौद्ध वस्तीत दोन खोल्यांचं घर. एवढं शिकूनही कॉलेज त्यांना उन्हाळ्यात कमी करायचं आणि पावसाळ्यात परत बोलवायचं. आधी त्या मधल्या दिवसांत आमच्या बागांतून यायच्या, मग रविवारीही येऊ लागल्या. एस.टी.नं यायच्या, फाट्यापासून चालत. द्राक्ष आमच्या भागात तेव्हा नवं होतं. वेल लावून बसलो होतो, पण तिला काय होतंय हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. बाईंना ठाऊक होतं.

एकच गोष्ट खटकायची. बाई आमच्याकडे चहा घेत नसत. आई ओसरीतूनच विचारायची, "चहा?" आणि बाई म्हणायच्या, "नको, मी घेत नाही." आईच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसायचं. ते का, हे मला कळत होतं आणि नव्हतंही. आमच्या घरात कुणासाठी कोणता कप काढायचा हे आईच्या मनात पक्कं होतं. बाई घेतच नाहीत म्हटल्यावर प्रश्न मिटला, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी ऑक्टोबरची छाटणी उरकली, वेली छान फुटल्या, आणि दिवाळी सरता सरता आभाळ भरून आलं. द्राक्षवाल्याला त्या दिवसांत ढग दिसला की झोप लागत नाही. बाई येऊन पानं बघून गेल्या आणि म्हणाल्या, "केवडा अजून नाही आला, पण दोन दिवसांत येईल. बोर्डो मिश्रण मारा. मोरचूद वेगळं भिजवा, कळीचा चुना वेगळा विरवा, मग एकत्र करा. आणि विळा विसरू नका." विळ्याची त्यांची परीक्षा अशी : पातं घासून लख्ख करायचं आणि मिश्रणात बुडवायचं. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय, तसं फवारलं तर पान भाजेल. जाता जाता म्हणाल्या, "मी आता येणार नाही भाऊ. मला कायमची जागा मिळाली. लांबच्या कॉलेजात. सोमवारी हजर व्हायचंय." मी तोंडदेखलं "वा वा" म्हटलं. मनात म्हटलं, मेलो.

त्याच संध्याकाळी देवळ्याहून निरोप आला, मावसभाऊ गेला. मला जाणं भाग होतं. फवारणी परत आल्यावर करू, असं घरात सांगून निघालो. परत आलो तर फवारणी झालेली! आई ऐटीत ओसरीवर बसलेली. "तुजी वाट पायली आसती तर केवडा येऊन बसला आसता. ढग लय खाली आलं व्हतं. गड्यांना हाताशी धरलं आन् उरकलं." मला बरंच वाटलं. म्हातारीनं बाग राखली म्हटलं.

रविवारी सकाळी बागेत गेलो. पानांच्या कडा करपलेल्या. कोवळे शेंडे काळपटलेले, मणी धरू बघणाऱ्या घडांवर डाग. एक ओळ नाही, दोन ओळी नाहीत, सगळी बाग. तासाभरात आजूबाजूचे बागाईतदार गोळा झाले. त्यांनाही बाईंनी हेच औषध सांगितलं होतं, आणि त्यांचं मोरचूद आणून पडलेलं होतं. शिवरामतात्या सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "बाईच्या नादी लागून बाग जाळली! पुस्तकातली विद्या ही! कॉलेजात पोरांपुढं झाडायची, ती आमच्या वेलींवर झाडली." मग आवाज खाली आणून जातीवरून बोलला. कुणी त्याला थांबवलं नाही. वर ढग होतेच. आता कुणी फवारणार नव्हतं आणि केवडा कुणाला सोडणार नव्हता.

मी फटफटी काढली आणि तडक नाशिक गाठलं.

बाईंच्या दारात बांधलेली वळकटी आणि पत्र्याची पेटी होती. वडील कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, जणू त्यांनाच हजर व्हायचं होतं. "जय भीम, या," म्हणाले. मी "राम राम काका" म्हटलं. "आमच्या डॉक्टरांना भेटायला आलात? दुपारच्या गाडीनं निघतात त्या." स्वतःच्या मुलीला ते 'डॉक्टर' म्हणायचे, आणि 'अहो-जाहो' करायचे. वस्तीतल्या पोरांनाही तसंच म्हणायला लावायचे. आणि बाई कुठं होत्या? आत पाटावर बसून बशीत ओतून चहा पीत होत्या! भुरका मारून, चवीनं. मला बघून त्यांनी बशी खाली ठेवली नाही. एवढी वर्षं 'मी घेत नाही, मी घेत नाही'! लाज म्हणजे काय ते मला त्या भुरक्यानं कळलं.

बागेचं सांगितलं. करपलेलं पान पुढं केलं. बाईंनी ते उलटलं, भिंग लावलं. "हा रोग नाही. भाजलंय." मग उठल्या आणि पिशवी खांद्याला लावली. काका दारात आडवे झाले. "डॉक्टर, गाडी चुकेल. उद्या सकाळी तिथं नसलात तर जागा दुसऱ्याला जाईल. एवढी वर्षं आपण कशासाठी काढली?" बाई म्हणाल्या, "दादा, माझ्या औषधानं बाग जळली असं लोक म्हणतायत. हे असं टाकून मी तिथं जाऊन काय शिकवू?" काका बाजूला झाले. पण त्यांचा चेहरा मला बघवेना.

बागेत माणसं तशीच उभी होती. बाईंनी कुणाकडे न बघता पहिल्या वेलीचं पान उलटलं, दुसऱ्या वेलीचं उलटलं. शिवरामतात्या ओरडत होता. त्याचं ओरडणं संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग एवढंच म्हणाल्या, "चुना कुठला वापरला? दाखवा."

गडी आईकडे बघायला लागले. आई आत गेली आणि माजघरातून मडकं घेऊन आली. दिवाळीला घर सारवून-रंगवून उरलेला चुना! भिजवून महिना होत आलेला, वर साय धरलेली. दुकानातून आणलेला कळीचा चुना तसाच पोत्यात बांधलेला होता. घरात असताना नवा कशाला फोडा, असा म्हातारीचा हिशेब. अहो, आमच्या घरात उरलेला भात टाकत नाहीत, तिथं चुना कोण टाकतो! पण विरून पडून राहिलेल्या चुन्यात दम उरत नाही. मोरचूद मोकळं राहिलं, आणि त्यानं पानं भाजली. विळा तर कुणी बुडवलाच नव्हता.

मी आईवर ओरडायला तोंड उघडलं, पण आईच आधी बोलली, सगळ्यांच्या देखत. "म्या घातला त्यो चुना. बाईचा काय दोष नाय. तात्या, मला बोल काय बोलायचं ते."

बाईंनी मडकं खाली ठेवायला तिला हात दिला. म्हणाल्या, "मावशी, चुना ताजा घ्या हे मी भाऊंना सांगितलं, गड्यांना सांगितलं. पण घरातला चुना सांभाळतं कोण? तुम्ही. आणि तुम्हांलाच मी कधी सांगितलं नाही. ओसरीपर्यंतच येत राहिले."

आईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "चहा टाकू का?" मला धसकाच बसला. बाई म्हणाल्या, "टाका. साखर जरा जास्त." चुलीपुढं बसून त्यांनी बशीत ओतून चहा घेतला, आमच्या रोजच्या कपबशीत. शिवरामतात्या न पिताच निघून गेला. जाऊ दे म्हटलं.

दुपारभर नुसत्या पाण्यानं वेली धुतल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ताज्या चुन्यानं नवं मिश्रण केलं. विळा आईच्या हातात दिला होता बाईंनी. आईनं पातं राखेनं घासलं, बुडवलं, वर काढलं. लख्ख! आमच्यामागून एकेकानं आपापल्या बागेत पंप सुरू केले. सोमवारची सकाळ कशी गेली ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा काका बांधावर उभे होते.

फाट्यापासून चालत आले असणार, सदरा घामानं भिजलेला. बाईंचे हात कोपरापर्यंत निळे. काका म्हणाले, "अख्ख्या वस्तीतून पहिली डॉक्टर. ती इथं चुना कालवतेय?" बाई म्हणाल्या, "दादा, तिथं मी बाटलीतली बुरशी दाखवते. पोरं वहीत चित्र काढतात आणि परीक्षा झाली की विसरतात. इथं मी काही बोलले तर उद्या पान सांगतं, खरं की खोटं. मला तिथून हाकललं म्हणून मी इथं आले नाही. मला हे आवडतं. हेच करायचंय मला."

"मग कर," काका म्हणाले. 'करा' नाही, 'कर'. "पण आजपासून तुला डॉक्टर म्हणायचा नाही मी." आणि वळून चालायला लागले. मी फटफटीवर सोडतो म्हटलं, तर हातानंच नको म्हणाले. पाठमोऱ्या काकांकडे बघत बाईंनी डोळे मनगटानं पुसले. तिथंही निळं लागलं.

बाग वाचली. अर्धीमुर्धी, पण वाचली. बाईंनी पुढं नाशकातच, द्वारका चौकाजवळ एक खोली घेतली. सूक्ष्मदर्शक, दोन बाकडी, दारावर पाटी नाही. लोक ओल्या फडक्यात पानं गुंडाळून यायचे. आणि कुठल्याही गावात गेल्या की बाई आता ओसरीवर थांबत नसत, सरळ माजघरात. "चुना कुठंय मावशी?" हा पहिला प्रश्न. आमच्या आईनं तर कहर केला. शेवटपर्यंत तिचा विळा बुडवून झाल्याशिवाय पंपाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. अंथरुणाला खिळली तरी विचारायची, "पातं लाल झालं का रं?"

काकांचं मात्र मला टोचत राहिलं. बाप-लेक एका घरात, पण बोलणं कामापुरतं. बाई कधी बोलल्या नाहीत त्यावर, पण त्यांच्या दारावर 'डॉक्टर' लिहिलेली पाटी का नाही, हे मी ओळखून होतो.

मग काही वर्षांनी असंच अवेळी आभाळ आलं आणि मी पान घेऊन धावत द्वारकेला गेलो. बाहेरच्या बाकड्यावर काका बसलेले, कचेरीतून निवृत्त झालेले, तोच इस्त्रीचा सदरा. मी बिचकलो. म्हटलं, "बाई आहेत का?" ते म्हणाले, "कॉलेजात राहिली असती तर आज विभागप्रमुख असती." मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी हात पुढं केला. "द्या ते पान."

फडकं सोडलं, पान घेतलं. उलटं केलं. सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं आणि डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिले. मग दाराकडे तोंड करून, रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजावर चढवून हाक मारली,

"डॉक्टर! जरा बाहेर या. केवडा दिसतोय."