आवाजाला तोंड नव्हतं

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, गेल्या महिन्यात कानाचं मशीन बसवलं. घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, पण धास्तीही वाटली. दहा वर्षांची असताना मी केलेली एक लबाडी त्यांच्या बहिरेपणाच्या आड इतकी वर्षं सुखाने झोपली होती. आता ती उठणार होती.

आधी बहिरेपणाचं सांगते. आबा करकंबहून सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर लागले. त्या शेडमध्ये मागांचा खडखडाट असा, की कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, तोंड मोठं करून शब्द नुसता दाखवायचा. एक जण लांबून विचारतो, 'डब्यात काय हाय?' दुसरा ओठांनीच सांगतो, 'कालचंच की!' आणि तिसऱ्या मागावरचा हसतो. मागांनी आबांचे कान नेले, पण डोळे असे तयार केले, की रस्त्यापलीकडे भांडणाऱ्या दोन बायकांचा एकेक शब्द ते आम्हाला जागेवर बसून सांगायचे.

त्यामुळे आमच्याकडे लाकडी खोक्यातला, पडद्यावर सरकतं शटर ओढायचा तो जुना टीव्ही आला तेव्हा आबांचं काही अडलं नाही. रविवारी सकाळी राजेरजवाड्यांची एक हिंदी मालिका लागायची. राजा काय म्हणाला, सेनापती काय म्हणाला, हे आबा निम्मं ओठांवरून आणि निम्मं अंदाजाने ओळखायचे. अडायचं फक्त सुरुवातीला. किल्ल्याचा दरवाजा उघडायचा, मशाल पेटायची, नावं यायची-जायची आणि त्यावर एक आवाज बोलायचा. काय आवाज होता! सावकाश, खोल, जणू विहिरीच्या तळाशी बसून कोणी राज्याची हकिगत सांगतंय. तो सुरू झाला की आई नळ बंद करायची, शेजारची मुलं उंबऱ्यातच थबकायची. मालिकेत पुढे निम्म्या लढाया आणि निम्मी रडारड असायची, पण हा आवाज ऐकून वाटायचं, की आता उठून पाणी प्यायला गेलो तर जन्माचं चुकेल.

फक्त आबांना त्यातलं काही मिळत नसे. ते पडद्यावर सगळीकडे बघायचे आणि वैतागायचे, "ह्येचं तोंड कुटं हाय?"

एका रविवारी मी उठले आणि टीव्हीशेजारी जाऊन उभी राहिले. "मी हाय की तोंड!"

शेडमधून आणलेला, विणीत चूक राहिलेला एक टॉवेल शेल्यासारखा खांद्यावर टाकला, छाती पुढे काढली आणि त्या आवाजाबरोबर नुसते ओठ हलवू लागले. तो हिंदीत, मी मराठीत. पण ती हिंदी म्हणजे नुसती संस्कृतातली जड गाठोडी, निम्मी माझ्या डोक्यावरून जायची. थांबायचीही सोय नव्हती. आबांचा तळवा टीव्हीच्या लाकडी खोक्यावर असायचा, आवाजाची थरथर त्यांना बरोबर कळायची. मी अडखळले की लगेच म्हणायचे, "त्यो बोलतोय की अजून. तू का गप?"

मग मी भर घालू लागले. सुरुवातीला दोन हत्ती जास्त, एखादी राणी जास्त. आणि एकदा काहीच सुचेना, समोर आबांचा हात दिसत होता, सूत कापून कापून चिरा पडलेला. माझे ओठ म्हणाले, 'या कथेत एक विणकरही आहे. राजाचा शेला त्यानेच विणला आहे. त्याची वेळ अजून आलेली नाही.'

आबा ताठ बसले.

त्या दिवसापासून ते विणकराची वाट बघू लागले. दरबार भरला की राजाकडे लक्षच नाही. "त्यो खांबाआडचा हाय का?" "न्हाय, त्यो पहारेकरी." दर रविवारी तेच, "आला का?" आणि दर रविवारी मी शेला सावरून विणकराला थोडा पुढे ढकलायची. तो गावातून निघाला. तो नदीपाशी पोचला. राजाने त्याला बोलावणं धाडलं. मग एके दिवशी राज्याभिषेक झाला आणि मालिकाच संपली. आबांनी टीव्हीचं शटर ओढलं आणि सायकल पुसायला बाहेर गेले. मी तो टॉवेल घडी करून ठेवला. खरं सांगायचं धैर्य झालं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

आणि आता कानाला मशीन आलं. गेल्या रविवारी माझ्या मुलीने आजोबांसाठी तीच मालिका शोधून टीव्हीवर लावली. दरवाजा उघडला, मशाल पेटली आणि कोपऱ्यात बटण आलं, सुरुवात वगळायचं. मी ओरडलेच, "दाब, दाब! त्यात काही नसतं!"

मुलगी बघतच राहिली. "आई, शाळांच्या गॅदरिंगमध्ये निवेदन करतेस तू. सुरुवात चुकली तर सगळं चुकलं, असं कोण म्हणतं गं?"

"दाबू नको," आबा म्हणाले. "त्येच ऐकायचंय मला."

आवाज आला. तोच, विहिरीच्या तळातला. आबांचा हात सवयीने पुढे गेला, पण आताचा टीव्ही भिंतीवर, पाटीएवढा पातळ. तळवा भिंतीवरच टेकून राहिला. आवाजाने राजा सांगितला, राज्य सांगितलं, काळाचा महिमा सांगितला आणि तो थांबला. मुलीने चित्र थांबवलं.

"विणकराचं न्हाय बोलला की," आबा म्हणाले.

"आबा, ते मी..."

"ठावं हाय. दुसऱ्याच दिवशी कळलं. शेडमधी समद्यास्नी सांगितलं, आता आपला माणूस येनार म्हणून. समदी हसाय लागली."

"अहो, मग दर रविवारी 'आला का, आला का' कशाला?"

"तू काय करतीस बघत हुतो. नदीपत्तुर आणलास. बोलावणं बी आलं त्येला." आबांचा आवाज चढला. "आन् सोडलास तितंच! मी वाट बघतोय, दरबारात न्हेलाच न्हाईस तू त्येला!"

एवढ्या वर्षांची तक्रार होती ती, आणि मी भलत्याच गुन्ह्याची शिक्षा भोगत बसले होते.

आबांनी कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली. मुलीला खुणेने चित्र पहिल्यापासून लावायला सांगितलं. मी गॅलरीतल्या दोरीवरचा टॉवेल ओढला. ओलाच होता. तसाच खांद्यावर टाकून टीव्हीशेजारी उभी राहिले.

"उजेडात हो," आबा म्हणाले. "तोंड दिसू दे."

मी घसा खाकरला. आवाज काढायचाच नव्हता, तरीही.