पाण्याच्या बाजूचं कुंपण

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी. मॅथ्स, फर्स्ट क्लास. मिरवायला सांगत नाही... म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते, कष्टाने मिळवलंय. पण मुख्य कारण वेगळं. या सदरातल्या पैंजणांच्या आणि पांढऱ्या साडीच्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतली मी आहे. अजूनही हसते. तरी जे तिघांनी भर दुपारी पाहिलं, ते लिहिते.

आमचं गाव सारंगखेड्याजवळ, तापीकाठी. पाणी ओसरलं की उघड्या वाळूत आम्ही डांगराची — खरबुजाची — वाडी लावतो. जनावरं काठाकडून येतात, म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण काठाकडे. पाण्याच्या बाजूला कोणीच कुंपण करत नाही.

आणि आमच्या घराला गावात 'पळपुट्याचं घर' म्हणतात. माझे पणजोबा, म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, आजोबा, इंग्रजांच्या पलटणीत होते. मलायात, समुद्रकाठी. परत आले नाहीत. घरी कागद आला तो एवढाच, की जपानी किनाऱ्यावर उतरले त्या रात्रीपासून हा शिपाई हजर नाही. गावाने अर्थ लावला — पळाला. माझ्या लग्नाच्या बोलणीत एक पाहुणा हसत म्हणाला, "हाई पळपुट्यानी पोर का?" आबांनी फक्त खाली पाहिलं. साठी उलटलेला माणूस.

दोन वर्षांपूर्वी आबांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय... लाकूड. वाडी लावायची वेळ आली तेव्हा ते मांडवात खाटेवर बसून डाव्या हातातल्या काठीने वाळूत रेघा ओढायला लागले. इथे खुंट रोवा. पाण्याच्या बाजूला. सरळ नाही, पाण्याकडे कललेले. एक ओळ, तिच्या मोकळ्या जागांसमोर दुसरी ओळ. मागे काटेरी तार, वाकडीतिकडी. आणि तारेत एक छिंडी, माणूस आडवा होऊन जाईल एवढीच. समोरून दिसणार नाही अशी.

काका म्हणाले, "भाऊ, डुक्करं काय होडीमा बसीसन येतीन का?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. "येतस," म्हणाले.

"आणि ही छिंडी कशाला, आबा?" मी विचारलं.

"बंद नको करजो. आपला एक जन बाहेर शे."

माय पदर तोंडाला लावून बाजूला गेली. तिला वाटलं, आबांच्या डोक्यावर परिणाम झाला.

किती तार फुकट जातेय हे आबांना दाखवायचं म्हणून मी टेप घेऊन सगळं मोजलं आणि ग्राफ पेपरवर काढलं. तो कागद माझ्या पर्समध्येच राहिला. मी शहाद्याला क्लासेसमध्ये शिकवते. तिथे भरतीच्या मुलांना ट्रेनिंग देणारे एक निवृत्त सुभेदार आहेत. चहाच्या वेळी त्यांनी कागद पाहिला.

"मॅडम, हा किनारा कुठला?"

"किनारा नाही सर, आमची डांगराची वाडी."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यांनी बोट ठेवून सांगितलं. हे कललेले खुंट बोटींचे तळ फाडायला. ही तार उतरलेल्यांना अडवायला. आणि ही छिंडी आपल्याच माणसांसाठी, जे पुढे पाण्यापर्यंत टेहळणीला जातात. शत्रूच्या बोटी दिसल्या की ती तारेनेच बंद करतात.

"आणि जो बाहेर असेल तो?"

त्यांनी चहा संपवला. "तो बाहेरच राहतो. सकाळी हजेरीला नसतो."

घरी येऊन आबांना विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी नही, मास्तरीन. असंच ऱ्हास."

आबा शाळेत गेले नाहीत. समुद्र पाहिला नाही. साधा फोन, त्यावर फक्त बोलणं. आणि पणजोबा तर परतलेच नाहीत, मग सांगणार कोण? मी सगळे पर्याय एकेक करून खोडलेत. ती सवयच आहे मला.

चैत्रात डुकरांनी नदीतून वळसा घातला, नेमकी त्या छिंडीतून शिरली आणि अर्धी वाडी फोडली. सकाळी काकांनी न विचारता छिंडीत काटे भरले. रविवार होता, मी घरी होते. साडेबाराला मी, माय आणि काका फुटलेली डांगरं गोळा करत होतो. आबा खाटेवरून उठले.

उठले आणि चालत गेले. काठी खाटेवरच राहिली. दोन्ही हातांनी काटे उपसले. उजव्या हातानेसुद्धा. काकांच्या हातातलं टोपलं तसंच राहिलं. मग आबा छिंडीला पाठ लावून बाजूला सरकले, अरुंद दारात समोरच्याला वाट देतात तसे. त्यांची मान पाण्याकडून काठाकडे सावकाश वळली.

"कितला येळ लाया, आजा," ते म्हणाले.

मग काकांकडे पाहून म्हणाले, "आते बंद करी टाक."

आणि खाली बसले. हात पुन्हा लाकूड.

मी पाण्यापासून छिंडीपर्यंत वाळू तपासली. डुकरांचे खूर. काकांच्या चपला. बाकी काही नाही. असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. डॉक्टरांनी उजव्या तळव्यातले काटे काढले, हात पुन्हा पुन्हा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "कोणीतरी हात धरून ओढला असेल." मी वाद घातला नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर ठेवतात. पणजोबांची घागर आमच्या घरात कधीच भरली नव्हती. मेल्याचा कागदच नव्हता. त्या वर्षी आबा मायला म्हणाले, "दोन भरजो." एक त्यांच्या वडिलांची, नेहमीची. दुसरीवर मी डांगर ठेवलं, डुकरांनी सोडलेल्यांतलं.

पावसाळ्यात आबा गेले.

गाव अजून पळपुट्याचं घरच म्हणतं. मी आता भांडत नाही. माझ्याजवळ पुरावा म्हणाल तर एक ग्राफ पेपर आहे, आणि त्याने काय सिद्ध होतं ते मला सांगता येत नाही. दोन वर्षं मांडून पाहतेय, उत्तर येत नाही.

यंदा आखाजीला तीन घागरी भरल्या.