मॅडमच्या कपाटातली तीन कार्डं

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये मी आमचं गाव, मढ, सोडलं. एस्टी आली तेव्हा आईनं तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीतून बजावलं, "मॅडमला सांग, आमची पोर तुमच्या वटीत घातली." आबा जरा लांब उभे होते. गाडी हलली तसे ते चार पावलं पळत आले आणि थांबले.

आमच्या भागात कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलेली पहिली बाई म्हणजे आठल्ये मॅडम. निवृत्त होऊन त्या पुण्यात एकट्याच राहत होत्या. मला एम.ए.साठी हॉस्टेल मिळालं नाही, तेव्हा त्यांनी मला घरात ठेवून घेतलं. माझं टपाल त्यांच्याच पत्त्यावर यायचं. जेवतानासुद्धा इंग्रजीत बोलायचं, हा त्यांचा नियम. "तोंडातलं ते 'व्हतं' आधी काढ," म्हणायच्या. मी काढलं. सुट्टीत घरी गेले की आबांच्या बोलण्यातल्या चुका मला टोचायला लागल्या.

दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला, तेव्हा मॅडमनी स्वतः रिक्षा करून मला शिवाजीनगरच्या स्टँडवर सोडलं. "घरी जाऊन ये," एवढंच म्हणाल्या. मी घरी पोचले तर ओट्यावर आबा आणि माझा धाकटा भाऊ सुभाष बसलेले. दोघांचीही डोकी भादरलेली. आईला जाऊन बारा दिवस झाले होते. कावीळ पोटात उतरली होती.

"मला कळवलं का नाही?" मी ओरडले.

"तीन कार्डं टाकली," सुभाष म्हणाला. "आलीस का? तुला आनायला मी का म्हनून येऊ?"

"एकही कार्ड आलेलं नाही. खोटं बोलता तुम्ही."

आबा म्हणाले, "टाकली व्हती गं सुमे. मी सवता पेटीत टाकली."

पुण्याला परतल्यावर मी मॅडमना विचारलं. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "टपाल नव्हतं." माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आबांवर बसला नाही.

मला फर्स्ट क्लास मिळाला, मग कॉलेजात नोकरी, लग्न, कोथरूडला फ्लॅट. आबा तिथं एकदाच आले. सोफ्यावर अगदी कडेला बसले होते. बोलता बोलता आईचा विषय निघाला आणि मी म्हणाले, "दोन ओळींचं कार्ड टाकायला तुम्हांला काय झालं होतं? निदान आता तरी कबूल करा." ते उठले. वहाणा घालायला त्यांना बराच वेळ लागला. लिफ्ट त्यांना चालवता येत नव्हती आणि मी खाली सोडायला गेले नाही. नंतर चार वर्षांनी ते गेले.

दोन हजार सहामध्ये मॅडम वारल्या. त्यांच्यावर स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या भाच्यानं मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या. आत पस्तीस वर्षांची टाचणं होती, मुलींची पत्रं, डायऱ्या, आणि नेमणुकीचं पत्रही, ज्यावर कुणीतरी छापलेलं 'श्री.' खोडून 'कुमारी' लिहिलेलं. एका खाकी पाकिटावर मॅडमचं रेखीव अक्षर होतं : सुमन, परीक्षेनंतर.

आत तीन कार्डं. पहिल्यात, आईस कावीळ झाली आहे, येऊन जाणे. दुसऱ्यात, नारायणगावला ॲडमिट केले, तुझे नाव घेते. तिसऱ्याचा कोपरा फाडलेला होता, मयताच्या कार्डाचा फाडतात तसा. ते आलं तेव्हा माझे दोन पेपर राहिले होते.

त्या महिन्याची डायरी मी काढली. "दिली तर मुलगी जाईल आणि परत येणार नाही. माझं वर्ष असंच बुडालं होतं." आठ दिवसांनी : "आज द्यायची होती. धीर झाला नाही." पुढे कार्डांबद्दल एक शब्द नव्हता.

स्मरणिकेत मी चार पानांचा लेख दिला. सगळे म्हणाले, सुंदर झालाय. कार्डांबद्दल त्यात काही नव्हतं.

कार्डं घेऊन मी मढला गेले. सुभाषनं ती पुन्हापुन्हा वाचली. त्याची बायको कमल चहा घेऊन तशीच उभी राहिली. मी म्हणाले, "चुकले रे मी."

"आबा मरस्तोवर तुझीच बाजू घ्यायचे," तो म्हणाला. "म्हनायचे, पोस्टात घोळ झाला आसंल, पन सुमी खोटं बोलायची न्हाई." मग घड्याळाकडं बघून म्हणाला, "चारची गाडी घावंल तुला."

त्यानं मला हाकलून दिलं नाही. आजही देत नाही. मी वर्षातून एकदा जाते, कमल ताट वाढते, सुभाष पुण्याची हवा विचारतो. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले कितीतरी जण म्हणतात, घराचं दार आपल्याला कायम उघडं असतं. आमचंही असतं. मी मात्र उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि कुणीतरी "या" म्हणेपर्यंत आत पाऊल टाकत नाही.