बर्फात ठेवलेलं इंजेक्शन

एका रविवाराआड मी स्वतःच्या पोटात इंजेक्शन टोचून घेते. आता त्याची भीती वाटत नाही, फक्त कंटाळा येतो. फ्रिजमधून काढायचं, थोडा वेळ बाहेर ठेवायचं, पोटाची चिमूट धरायची, टोचायचं. दात घासण्यासारखंच झालंय ते. पण दात घासताना कुणी "अजून किती दिवस?" असं विचारत नाही.

विचारणाऱ्यांची मला टंचाई नाही. उस्मानपुऱ्यात माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. भुवया करून घेता घेता बायका मला निर्गुडीचा पाला सांगतात, मेथीचे दाणे सांगतात. एक खाला नेमानं म्हणतात, "बाजी, सुई कायकू? जैतून का तेल मलो." ऑलिव्हच्या तेलालाही मी हो म्हणते. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

मला संधिवात आहे, तोही ऐन तिशीत झालेला. शरीराची राखण करणारी यंत्रणाच माझ्या सांध्यांवर उठली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं. इंजेक्शनात मुद्दाम घडवलेली अँटिबॉडी असते. सूज पेटवणारं एक प्रथिन ती तेवढं धरून ठेवते. मोठ्या टाक्यांत जिवंत पेशी वाढवतात आणि त्यांच्याकडून ती करून घेतात. पेशी मुळात उंदरासारख्या एका प्राण्याच्या, हे मात्र मी सासरी कधी सांगितलं नाही.

सासरी मुळात दुखणंच कुणाला पटलं नव्हतं. ना प्लास्टर, ना जखम. सकाळी बोटं ताठ, आणि दुपारी मी चारचौघींसारखी हिंडतेफिरते. माझी थोरली नणंद पिशोरजवळच्या वस्तीवर राहते. शेळ्यामेंढ्या आहेत, थोडी शेती आहे. फार वर्षांपूर्वी ती भरल्या घरात म्हणाली होती, "भाकरी थापायची म्हणलं की हिचे हात दुखतेत." बायका साड्या जपून ठेवतात, मी टोमणे जपून ठेवते. तोही ठेवला होता.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न निघालं. नवरीचा मेकअप मीच करायचा, हे मला न विचारताच ठरलेलं. इंजेक्शनचा रविवार नेमका हळदीच्या दिवशी आला. मी ते थंड पिशवीतून नेलं आणि नणंदेच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवलं. "वन्सं, हे गार राहिलं पाहिजे," एवढं सांगितलं आणि मेंदी काढायला बसले.

त्या दिवशी वीज सारखी जात होती. दुपार कलल्यावर मी फ्रिज उघडला तर इंजेक्शनची डबी जागेवर नाही. नणंदही घरात नाही. लग्नघर तिला हाका मारतंय, हळद कालवायची राहिलीय, आणि नवरीच्या आईचा पत्ता नाही. शेवटी ती आली, उन्हानं लालबुंद झालेली. हातात नव्या कोऱ्या ब्लाउजपीसात गुंडाळलेली डबी.

"घे," ती म्हणाली. "लाइटीचा काय भरवसा नाय, म्हणून बाजारात कुल्फीवाल्याच्या जनरेटरवरच्या मशीनीत ठिवलं व्हतं. मीच बसले तिथं, कुणी हात नाय लावला. दगडावानी झालंय बघ. शेळ्यांची लस आम्ही बर्फातच ठिवतो. एकबी शेळी दगावली नाय."

तिचं खोटं नव्हतं. शेळ्यांची ती लस गोठवूनच ठेवतात. माझं औषध मात्र गोठलं की मोडतं. अँटिबॉडीची घडी नाजूक असते, ती एकदा विस्कटली की पुन्हा बसत नाही. वितळल्यावर पाणी पहिल्यासारखंच नितळ दिसतं, पण त्याचा भरवसा उरत नाही.

"टोचून घे ना आता," ती म्हणाली. "मी धरू का हात?"

मला राग यायला हवा होता. पण रागवण्याइतकंसुद्धा त्राण नव्हतं. "वन्सं, हे गोठवायचं नसतं. आता नाही चालणार," मी म्हणाले.

"म्हंजे मीच वाया घालवलं व्हय?"

ती ओसरीवर जाऊन हळद कालवू लागली. तिचे डोळे भरले होते. पाहुण्यांना वाटलं, लेक सासरी चालली म्हणून.

हे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवावं लागतं. आणि नेमका तेव्हाच माल येत नव्हता. आठवडे गेले. बोटं आधी सकाळपुरती ताठ राहायची, मग दिवसभर. भुवया कोरायचा दोरा बोटांत धरता येईना. गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. टूथपेस्टचं झाकण नवरा उघडून द्यायचा, मोबाइलमधून डोळे न काढता.

नणंदेचा फोन रोज सकाळी यायचा, धारा काढून झाल्या की. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मूठ मिटली का?" एवढंच विचारायची. मी वैतागून "नाही" म्हणायचे. ती "बरं" म्हणून फोन ठेवायची. पुढं पुढं मी जास्त सांगू लागले. आज करंगळी तेवढी वाकवता आली, आज अंगठा हात लावू देत नाही. ती सगळं ऐकून घ्यायची.

एकदा तिनं विचारलं, "पयल्यापासून असंच दुखायचं का गं?"

"हो."

फोनवर मागं शेळ्या ओरडत होत्या. ती म्हणाली, "मी तवा लई बोलले तुला."

"जाऊ द्या," मी म्हणाले. आजवर हा शब्द मी शिष्टाचार म्हणून कितीदा वापरला असेल. त्या दिवशी खरंच जाऊ दिलं.

पुढं इंजेक्शन आलं. पहिलं घेतलं, दुसरं घेतलं, आणि एका सकाळी चहा उकळत असताना मूठ मिटली. चारही बोटं तळहाताला टेकली, वर अंगठा बसला. मी ती उघडून पुन्हा मिटून पाहिली. सगळा उन्हाळा मी याचीच वाट पाहिली होती, आणि मला रडू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. "मूठ मिटली का?"

इतक्या वर्षांत माझ्या हातांची अशी रोज चौकशी कुणी केली नव्हती, नवऱ्यानं नाही आणि आईनंही नाही. मिटली म्हणाले असते तर उद्यापासून हा फोन आला नसता.

"नाही, वन्सं," मी म्हणाले. "अजून थोडी राहिलीय."