ओव्हरकम, आणि हवालदारांचा डावा कान

साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. एक मोठी खोली, एक फळा आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. येणारी बहुतेक मुलंमुली कॉलेजातली, नाहीतर डिप्लोमा करून शिरवळच्या कारखान्यांत लागायच्या खटपटीत असलेली. व्याकरणाशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. इंटरव्ह्यूत काय विचारतात आणि काय बोलायचं, एवढंच हवं असतं. त्यातला एक प्रश्न ठरलेला: तुमच्या आयुष्यातलं एखादं चॅलेंज सांगा आणि त्यावर तुम्ही कशी मात केलीत तेही सांगा. म्हणून मी त्याचा वेगळा धडाच केला होता. झेरॉक्सच्या पानावर शब्दांची यादी असायची. चॅलेंज, ऑब्स्टॅकल, सेटबॅक, स्ट्रगल, कोप, ओव्हरकम, बाउन्स बॅक, रेझिलियन्स. समोर मराठी अर्थ, खाली गाळलेल्या जागा.

धडा सुरू करताना मी माझीच गोष्ट सांगायची. माझं माहेर सांगलीजवळचं. बारावीला मी इंग्रजीत नापास झाले होते. निकालाच्या दिवशी वडील काही बोलले नाहीत, फक्त माझ्या ताटात वाढायचं राहिलं म्हणून आईवर ओरडले. पुन्हा परीक्षा दिली, पास झाले, इंग्रजी घेऊनच बी.ए. केलं आणि आज तुमच्यासमोर उभी आहे. ‘आय ओव्हरकेम माय फिअर.’ इथे मुलं टाळ्या वाजवायची. इतक्या बॅचना सांगून झाली होती ही गोष्ट, की कुठे थांबायचं आणि कुठे हसायचं हेही मला पाठ झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी एका बॅचला त्रेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, म्हणून आम्ही सगळे त्यांना हवालदारच म्हणायचो. कोरेगावकडच्या एका गावातून मोटरसायकलवर यायचे. घरी ऊस होता, दोन म्हशी होत्या, ते सगळं बायको बघायची. त्यांना शिरवळच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर व्हायचं होतं आणि तिथे इंटरव्ह्यू इंग्रजीत होणार होता. वहीच्या पानावर पट्टीने समास आखायचे, शब्द मोत्यासारख्या अक्षरात उतरवायचे. रोज सगळ्यांच्या आधी यायचे आणि डाव्या भिंतीलगतची पहिली खुर्ची धरायचे. एखाद्या दिवशी उशीर होऊन कोणी तिथे बसलेलं असेल तर उभे राहायचे, तो उठेपर्यंत. मला वाटायचं, फौजी माणूस, शिस्तीचा पक्का, जागाही बदलत नाही.

या धड्याच्या दिवशी मी खुर्च्या गोलाकार मांडायला लावल्या. प्रत्येकाने दोन मिनिटांत आपली गोष्ट सांगायची होती. एका मुलीने गणितात राहिलेल्या विषयाचं सांगितलं, एकाने मोटरसायकलवरून पडून मोडलेल्या हाताचं. माझी खुर्ची नेमकी हवालदारांच्या डाव्या हाताला आली होती. त्यांची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “हवालदार, प्लीज स्टार्ट.” ते समोर बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं. तरी तेच. समोरच्या दोन मुली तोंडावर हात धरून हसल्या. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. “लक्ष नसेल तर इथे येता कशाला? वयाने मोठे आहात म्हणून मी बोलत नाही, याचा अर्थ काहीही चालेल असा नाही.”

तेव्हा त्यांनी मान वळवली. माझा चेहरा बघितला, मुलींचे चेहरे बघितले. उठून उभे राहिले, “सॉरी मॅडम,” म्हणाले आणि खाली बसले. गोष्ट काही सांगितली नाही. मीही पुढच्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी मी एकटीच फळा पुसत होते तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. कपाळाला घाम, हातात कापडी पिशवी. “मॅडम तुमीच का? मी हवालदारांची मालकीन.”

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

“ते येनार न्हाईत म्हनत्यात. मला म्हनाले, या वयात पोरापोरींच्यात हसू करून घेतलं. मी त्यांना न सांगता आलेय. आवं मॅडम, त्यांना डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. काईच न्हाई.”

मी हातातला डस्टर खाली ठेवला.

“त्यांनी सांगितलं का नाही मला?”

“कुनालाच सांगत न्हाईत. घरात आमी सगळी उजव्या अंगानंच बोलतो. पोरगी जेवायला बसताना उजवीकडं बसती. माझी सासू सुदीक वळसा घालून जाती त्यांच्याकडं. पन गावात कुनाला पत्ता न्हाई. लोकं म्हनत्यात, हवालदार लय घमेंडी, हाक मारली तर वळून बगत न्हाई. घमेंडी म्हनलेलं चालतं त्यांना, बहिरा म्हनलेलं न्हाई.”

डाव्या भिंतीलगतची ती खुर्ची मला तेव्हा कळली. भिंत डावीकडे, सगळा वर्ग उजवीकडे. मला माझीच लाज वाटली. मी तिला म्हटलं, “त्यांना सांगा, चुकलं माझं. उद्या क्लासच्या तासभर आधी या म्हणावं. कोणी नसेल.”

ते येतील असं मला वाटत नव्हतं. पण आले. इस्त्रीचा शर्ट, हातात वही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनीच हात वर केला. “ऱ्हाऊ दे मॅडम. तुमाला म्हाईत न्हवतं.” मी त्यांच्या उजवीकडे खुर्ची ओढून बसले. मग हळूहळू त्यांनी सांगितलं.

कान लढाईत गेला नव्हता. फायरिंग रेंजवर सरावाच्या वेळी, तोफेजवळ उभे असताना, एका क्षणात पडदा फाटला. त्याआधीच्या वर्षांतल्या आवाजांनी तो कमजोर झालाच होता. मेडिकल कॅटेगरी खाली आली, त्यामुळे बढती मिळून नायब सुभेदार व्हायचं राहिलं. “आमच्या गावात घरटी एक फौजी हाय,” ते म्हणाले. “कुनी गोळी खाल्लेला, कुनाचा पाय गेलेला. त्यांच्यात बसून मी काय सांगू? प्रॅक्टिसमधी कान गेला? त्यापरीस गप बसलेलं बरं.” मग म्हणाले, “आन् ऐकू येत न्हाई म्हनायचं तर तेबी खरं न्हाई. आत शिट्टी वाजत ऱ्हाती. दिवसभर. झोपेपातुर.”

मी शब्दांच्या यादीचं पान पुढे ओढलं. काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून शिक्षकी सवयीने म्हणाले, “हेच सांगा ना इंटरव्ह्यूत. हेच तुमचं चॅलेंज. तुम्ही ते ओव्हरकम केलंत.”

त्यांनी वही उघडली. “ओव्हरकम म्हंजे मात करने, असं लिवलंय तुमी. मात केली म्हंजे समोरचा हरला. मॅडम, हितं हरलंय कोन? कान काय परत आला न्हाई. शिट्टी बी थांबली न्हाई. मी हाय तितंच हाय आन् तेबी हाय तितंच हाय. मग मी खोटं कसं सांगू?”

मी यादीतल्या दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हटलं, “कोप बघा. टु कोप.”

“कोप?” ते पहिल्यांदाच हसले. “आमच्यात देवाचा कोप हुतो. इंग्रजीत बी तसंच का?”

मलाही हसू आलं. मी सांगितलं, कोप म्हणजे निभावून नेणं, कसंबसं तोंड देणं. त्यांनी ते लिहून घेतलं, पण मान हलवली. कसंबसं म्हटलेलं त्यांना पटेना. “मी कसाबसा न्हाई करत. मी ठरवून करतो. कुठं बसायचं, कुनाच्या कुठल्या बाजूनं चालायचं, समदं ठरवून.” यादीतला एकेक शब्द घेऊन आम्ही बसलो. बाउन्स बॅक त्यांना चेंडूसारखं वाटलं. रेझिलियन्सचा अर्थ मी तीन वेळा सांगितला आणि तिन्ही वेळा वेगळा सांगितला. शेवटी मी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, “मराठीत कसं म्हणाल?”

“त्याच्यासंगट ऱ्हायला शिकलोय, असं.”

मी फळ्यावर लिहिलं. ‘आय हॅव लर्न्ट टु लिव्ह विथ इट.’ त्यांनी ते वहीत उतरवलं आणि वाचून दाखवलं, उच्चार चुकवत, पण न अडखळता.

का कोण जाणे, त्या वेळी मी त्यांना एक सांगून टाकलं, जे कुठल्याच बॅचला सांगितलं नव्हतं. इंग्रजीची माझी भीती गेलेली नाही. इंग्रजीतून फोन करायचा असला की मी आजही आधी वाक्यं कागदावर लिहून घेते. पुण्याकडचा, कॉन्व्हेंटमधला कोणी क्लासमध्ये आला की माझे तळहात ओले होतात. सांगलीला एका कॉलेजने मला शिक्षकांपुढे बोलायला बोलावलं होतं, तर मी घसा बसल्याचं खोटं सांगून टाळलं होतं.

“तुमी बी?” ते म्हणाले. मग खाली बघत, सांत्वन करावं तसं, “चालायचंच.”

पुढचे दहा दिवस आम्ही तासभर आधी बसलो. गोष्ट त्यांना लवकर जमली. जमेना ते एकच वाक्य, आणि ते मी सगळ्यात महत्त्वाचं ठरवलं होतं. खोलीत गेल्या गेल्या म्हणायचं होतं, की मला उजव्या कानाने ऐकू येतं, खुर्ची थोडी वळवून बसू का. साधं वाक्य. पण प्रत्येक वेळी ते ‘सर, आय’ म्हणून थांबायचे आणि कपाळ पुसायचे. मी कधी त्यांच्या डावीकडे बसून पुटपुटत प्रश्न विचारायची. ते ओठ वाचायचा प्रयत्न करायचे, चुकायचे, पण ते वाक्य काही यायचं नाही.

इंटरव्ह्यूला जाऊन आले त्या दिवशी सरळ क्लासवर आले. चेहऱ्यावरूनच कळलं. तीन माणसं होती, त्यातला मुख्य माणूस डावीकडे. “तेनं काय इचारलं ते कळलं न्हाई. मी अंदाजानं ‘यस सर’ म्हनलं. ते हसलं. नंतर कळलं, तेनं नाव इचारलं हुतं.”

“ते वाक्य म्हणालात का?”

“न्हाई.”

मला राग आला, पण त्यांच्यापेक्षा मीच जास्त खचले होते बहुतेक. ते घरी गेले. नंतर बायकोने फोनवर सांगितलं, की ते आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत, म्हशीशीच काय ते बोलत होते. “मी म्हनलं त्यांना,” ती म्हणाली, “तोफेफुडं उभं ऱ्हायला भ्याला न्हाई आन् तीन मानसांफुडं खुर्ची वळवायला भेता व्हय? तवा उठून गोठ्यात गेले. पर दुसऱ्या दिवशी एक केलं बगा. गावात कुनाच्या तरी बैठकीला गेले, तितं उठून सगळ्यांदेखत सांगितलं, माझा डावा कान गेलाय, हाक मारायची तर हिकडनं मारा. मी तितं न्हवते. माझ्या दिरानं येऊन सांगितलं. म्हनला, कुनीबी हसलं न्हाई. एक म्हातारा फौजी तर म्हनला, माझा बी जरा कमीच हाय, मला कोन इचारतंय.”

दुसरा इंटरव्ह्यू चार महिन्यांनी आला, शिरवळलाच, दुसऱ्या कारखान्यात. आदल्या संध्याकाळी ते आले नाहीत. मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच आला. मागे हायवेवरच्या गाड्यांचा आवाज होता.

“मॅडम, म्हनलं.”

“काय म्हटलंत?”

“तेच. आत गेलो, उभ्या उभ्याच म्हनलं. ‘सर, आय हिअर विथ माय राइट इअर.’ फुडचं इसरलो. मग हातानंच खुर्ची दाखवली. त्यातला एक सायेब उठला आन् त्यानंच टेबल हिकडं सरकवलं.”

गोष्टही सांगितली होती. लिव्ह विथ इट म्हणाले होते. एकाने विचारलं, “यू डिडन्ट ओव्हरकम इट?” यांनी सांगितलं, “नो सर. इट इज देअर. आय ॲम ऑल्सो देअर.” हे मी शिकवलेलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच केलेलं वाक्य होतं. फोनवर ऐकताना माझे डोळे भरून आले, पण ते मी त्यांना कळू दिलं नाही.

सिक्युरिटी सुपरवायझरची जागा मिळाली नाही. वैद्यकीय तपासणीत कान आडवा आला. पण तिथल्या साहेबांनी कान गेल्यानंतर त्यांनी फौजेत दारूगोळ्याच्या स्टोअरमध्ये काढलेली वर्षं बघितली आणि कारखान्याच्या स्टोअरला घेतलं. हुद्दा कमी, खाकी नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलंही नाही. “युनिफॉर्म पायजे हुता मॅडम,” ते म्हणाले. मी ‘सगळं चांगल्यासाठीच होतं’ असलं काही बोलले नाही.

माझी टाळ्यांची गोष्ट मी त्यानंतर सांगितलेली नाही. मागच्या हिवाळ्यात सांगलीच्या त्या कॉलेजने पुन्हा बोलावलं तेव्हा हो म्हटलं. हातात कागद होता, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की मी वाचून बोलणार आहे. दोनदा अडखळले. एका प्रश्नाला, मला याचं उत्तर माहीत नाही, असं म्हणाले. जेवताना एका शिक्षिकेने माझ्याकडून तो कागद मागून घेतला, उतरवून घ्यायला.

परत येताना कऱ्हाडला बस बदलायची होती. स्टँडवर थांबले असताना हवालदारांचा फोन आला. मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण होतं. तारीख त्यांनी दोनदा सांगितली, रस्ता तीनदा समजावला आणि म्हणाले, “मालकीन म्हनती, मॅडम यायलाच पायजेत. जेवायला शेंगदान्याची आमटी हाय.” मी येते म्हटलं. तेवढ्यात साताऱ्याची गाडी लागली.